भिंतीतल्या जुन्या भोकात लाकडाच्या स्टोव्हचा पाइप सरळ घालता येतो का?

शरयू_ग्रीनफिल्ड

नमस्कार मंडळी,

आम्ही पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये, ग्रीनफिल्डजवळ एक जुनं लाकडी घर घेतलं आहे. १९२०च्या दशकातलं. घर तापवायला तळघरात तेलावर चालणारा बॉयलर आहे. मागच्या हिवाळ्यात वादळात वीज गेली तेव्हा कळलं, की टाकी तेलाने भरलेली असली तरी विजेशिवाय बॉयलर सुरूच होत नाही. नाशिकहून सासूबाई आलेल्या होत्या, धाकटी तीन वर्षांची. सगळे एका खोलीत रजया गुंडाळून बसलो होतो. त्यामुळे यंदा थंडी पडायच्या आत लाकडाचा स्टोव्ह लावायचाच असं ठरवलं आहे.

आधीच्या मालकांनी गॅरेजमध्ये ओतीव लोखंडाचा एक स्टोव्ह ठेवून दिला आहे. त्याचं धुराचं तोंड वरच्या बाजूला, ६ इंच व्यासाचं. मागची पाटी गंजली आहे, त्यावरचं काही वाचता येत नाही. बैठकीच्या खोलीत उत्तरेच्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर पत्र्याचं गोल झाकण आहे. ते काढलं तर आत भोक, आणि भोकाच्या पलीकडे चिमणी. चिमणी विटांची, घराच्या बाहेरच्या अंगाला, तीन बाजू उघड्यावर. टॉर्च लावून टेपने मोजलं तर चिमणीच्या आतली मातीची चौकोनी नळी ७ इंच बाय ११ इंच भरली. भोकाच्या कडेला पत्र्याची एक पातळ बाही दिसते आणि तिच्या मागे प्लास्टरच्या पट्ट्या.

दुकानदार म्हणाला, काळा पाइप आणि दोन एल्बो (वळणाचे जोड) घ्या, भोकात सरकवा, झालं. नवरा येत्या शनिवारी हे काम उरकायचं म्हणतोय. माझ्या मनात मात्र शंका आहेत. साधा एकपदरी पाइप भिंतीतून तसाच आत न्यायचा का? पाइपच्या एका टोकाला चुण्या असतात, ते टोक वर ठेवायचं की खाली? एक व्हिडिओ एक सांगतो, दुसरा उलट. तळघरातला बॉयलरही त्याच चिमणीला जोडलेला आहे, त्याने काही बिघडतं का? आणि स्टोव्ह भिंतीपासून दोन फुटांवर ठेवला तर पुरे का?

कुणी स्वतः हे केलेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

वसंतकाका_मेन

शरयू, तू माझ्या लेकीच्या वयाची असशील असं धरून एकेरीत लिहितो. शनिवारी पाइप जोडू नका. जावईबापूंना माझं नाव सांग हवं तर.

मी मूळचा साताऱ्याचा. मेन राज्यात बांधकामात सगळी हयात गेली, आणि आमच्या गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलातही बरीच वर्षं होतो. स्टोव्हमुळे लागलेल्या आगी मी जवळून पाहिल्या आहेत. त्यांत खोलीत उघडा दिसणारा पाइप क्वचितच दोषी असायचा. दोष भिंतीच्या आत असायचा, नाहीतर विटांच्या आत, म्हणजे जिथे घरमालकाची नजर कधी गेलेलीच नसते तिथे. म्हणून तुझ्या चार प्रश्नांतला बॉयलरचा प्रश्न मी आधी घेतो. बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

चिमणी एक असली तरी तिच्या आत धूरनळ्या किती आहेत ते शोध. इकडे या नळीला फ्ल्यू म्हणतात. रस्त्यावर उभी राहून दुर्बिणीने चिमणीचा माथा बघ. मातीच्या नळीची दोन तोंडं दिसली तर दोन फ्ल्यू. मग बॉयलर बंद करून, तो गार झाल्यावर तळघरात जा. चिमणीच्या पायथ्याशी काजळी काढायचं लोखंडी दार असतं, ते उघडून आत आरसा तिरका धर आणि वर बघ. त्याच वेळी घरच्यांपैकी कुणीतरी बैठकीतल्या भोकातून टॉर्च मारावा. आरशात तो उजेड दिसला, तर बॉयलर आणि बैठकीतलं भोक एकाच फ्ल्यूवर आहेत.

तसं निघालं तर तिथे लाकडाचा स्टोव्ह जोडायचा विचार सोडून दे. अमेरिकेत चिमण्यांसाठी एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचं २११ क्रमांकाचं मानक सगळीकडे प्रमाण धरतात. लाकडाची शेगडी आणि तेलाचं किंवा गॅसचं उपकरण एका फ्ल्यूवर ठेवायला ते मनाई करतं, अपवाद फक्त त्यासाठीच तपासून मान्यता दिलेल्या उपकरणांचा. १९७०च्या दशकात तेल महागलं तेव्हा इकडच्या न्यू इंग्लंड भागात घरोघर लोकांनी असे स्टोव्ह बॉयलरच्या चिमणीत खुपसले. त्यातले काही अजून तसेच आहेत. यात काय घडतं ते सांगतो. बॉयलरच्या धूरपाइपवर एक झुलती झडप असते, ती तळघरातली हवा चिमणीत येऊ देते. रात्री तू स्टोव्हची हवा कमी करून झोपलीस की चिमणीची ओढ मंदावते, आणि कार्बन मोनॉक्साइड त्या झडपेतून तळघरात उतरू शकतो. आणि चिमणीतल्या काजळीने पेट घेतला, तर वर स्टोव्हची हवा बंद करूनही ती झडप खालून आगीला हवा पुरवत राहते.

फ्ल्यू दोन निघाले आणि बैठकीतलं भोक स्वतंत्र फ्ल्यूवर असलं, तर पुढे वाच.

आता भिंत. तुझी चिमणी बाहेर आहे. म्हणजे खोली आणि विटा यांच्या मध्ये लाकडी खांबांची भिंत आहे, आणि तू ज्या ‘प्लास्टरच्या पट्ट्या’ म्हणतेस त्यासुद्धा लाकडाच्याच असणार. एकपदरी पाइपला जळणाऱ्या वस्तूपासून १८ इंच अंतर लागतं. भिंतीतून, मजल्यातून, छतातून, माळ्यातून, कपाटातून तो न्यायचाच नसतो. पत्र्याची बाही लावली म्हणून तो चालतो असं नाही.

आमच्या शेजारच्या गावातली गोष्ट. एका घरात अशीच पातळ बाही होती. कित्येक हिवाळे स्टोव्ह चालला, काही झालं नाही. मग एका फेब्रुवारीत, स्टोव्ह अगदी बेताचा पेटलेला असताना, पहाटे भिंतीतून धूर येऊ लागला. आम्ही पोचलो तेव्हा प्लास्टर अभंग होतं, वरचा कागदसुद्धा करपलेला नव्हता. प्लास्टर फोडलं तर बाहीच्या दोन्ही अंगांचे खांब खोलवर कोळसा झालेले, आणि आग पोकळीतून दुसऱ्या मजल्याकडे निघालेली. माणसं वाचली कारण धुराचा भोंगा वाजला. लाकूड वर्षानुवर्षं तापत राहिलं की त्याचा पोत बदलतो आणि ते पेटण्याचं तापमान खाली येत जातं. म्हणून “इतकी वर्षं चाललं, काही झालं नाही” हे कुणी सांगितलं तर मला उलट जास्त काळजी वाटते.

भिंत पार करायचे योग्य मार्ग मोजकेच आहेत. जुना मार्ग म्हणजे जाड भाजलेल्या मातीची बाही, आणि तिच्या चारही बाजूंना १२ इंच भरीव वीटकाम. ६ इंची पाइपसाठी लाकडी भिंतीत जवळजवळ ३२ इंच बाय ३२ इंच खिंडार पाडावं लागतं. खांब कापून वर आडवी तुळई द्यावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे भिंत पार करण्यासाठी तपासून मान्यता दिलेला इन्सुलेटेड तयार संच, आणि उत्पादकाने त्याच्याभोवती जेवढी मोकळी जागा सांगितली असेल तेवढी. त्या मोकळ्या जागेत काचतंतूची गादी कोंबायची नाही. ती जागा हवेसाठीच असते, आणि हौशी माणूस नेमका तिथेच चुकतो.

मग चिमणीचं माप. ६ इंची गोल तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच. तुझी मातीची नळी ७ गुणिले ११, म्हणजे ७७. चिमणीच्या बाजू बाहेर उघड्यावर असतील तर फ्ल्यूचं क्षेत्रफळ स्टोव्हच्या तोंडाच्या दुपटीपेक्षा जास्त नसावं, असं मानक सांगतं. घराच्या आतून जाणारी चिमणी असती तर तिप्पट चाललं असतं. तुझी मर्यादा ५६, नळी ७७. धूर त्या मोठ्या थंड पोकळीत शिरला की रेंगाळतो, गार होतो, आणि भिंतींवर क्रिओसोट, म्हणजे धुरातलं डांबर, धरतो. आधी काळा भुगा, मग चकचकीत खपल्या, आणि शेवटी डांबराचा काचेसारखा थर, जो ब्रशने निघत नाही. हाच थर पेटला की चिमणीत आग लागते. तापमान २००० फॅरनहाइटच्या घरात जातं, मातीच्या नळ्या तडकतात, आणि आवाज मालगाडी धडधडत गेल्यासारखा येतो. म्हणजे तुला स्टेनलेस स्टीलचं ६ इंची लायनर, म्हणजे चिमणीच्या आत सोडायची नळी, लागणार, भिंतीतल्या भोकापासून चिमणीच्या माथ्यापर्यंत, आणि भोवती इन्सुलेशन. बाहेरच्या चिमणीला इन्सुलेशनशिवाय लायनर घालणं म्हणजे अर्धं काम.

आता दिसणारा पाइप. २४ गेज जाडीच्या पत्र्याचा काळा घे. चकचकीत जस्ताचा नको, फार तापला की जस्ताच्या थराचा धूर अंगाला बाधतो. चुण्यांचं टोक खाली, स्टोव्हच्या दिशेने. लोकांना वाटतं, तसं केलं तर सांध्यातून धूर बाहेर येईल. चिमणी नीट ओढत असेल तर पाइपच्या आत दाब कमी असतो, सांध्यातून खोलीतली हवा आत जाते. खाली मात्र पातळ क्रिओसोट ओघळतं, आणि चुण्या खाली असल्या तर ते पाइपच्या आतच राहून स्टोव्हमध्ये पडतं आणि जळतं. उलटं लावलंस तर प्रत्येक सांध्यावर काळे ओघळ आणि घरभर उग्र वास. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू. आडव्या भागाला फुटामागे पाव इंच चढ. काटकोनी एल्बो दोनपेक्षा जास्त नकोत. एक तुकडा सरकवून काढता येईल असा ठेव, नाहीतर साफसफाईच्या वेळी स्टोव्ह हलवावा लागेल, आणि मग साफसफाई होतच नाही.

दोन फूट अंतर पुरणार नाही. पाटी वाचता येत नाही म्हणजे तो स्टोव्ह मान्यता नसलेला धरायचा. त्याला जळणाऱ्या भिंतीपासून ३६ इंच लागतात. भिंतीवर पत्र्याची ढाल लावून, मागे १ इंच हवेची पोकळी ठेवून, वर-खाली उघडी सोडून हे अंतर बरंच कमी करता येतं. पण खरं सांगू? तो गॅरेजमधला स्टोव्ह विसर. २०२० पासून इथे विकल्या जाणाऱ्या नव्या स्टोव्हना धुराची मर्यादा फार कडक आहे, ते लाकूड कमी खातात, आणि त्यांच्या पाटीवर नेमकी अंतरं छापलेली असतात.

आणि मॅसॅच्युसेट्समध्ये स्टोव्ह बसवायला नगरपालिकेचा परवाना लागतो. काम झाल्यावर बिल्डिंग इन्स्पेक्टर येऊन बघतो, मगच पेटवायचा. त्याआधी प्रमाणित चिमणीवाल्याला बोलावून लेव्हल दोनची तपासणी करून घे, म्हणजे कॅमेरा आत सोडून. घर विकत घेतल्यावर किंवा उपकरण बदलल्यावर ती करायचीच असते.

मातीचूल

काका, इतकं घाबरवायची गरज आहे का? आमच्या गावी, संगमनेर तालुक्यात, ऐंशीच्या दशकात सरकारी योजनेतून निर्धूर चुली आल्या. सिमेंटचा पाइप, वर टोपी, पाइप सरळ कौलांतून बाहेर. वासा पाइपाला टेकलेला असायचा. आमची आजी त्यावर रोज दोन वेळा भाकरी करायची. घर अजून उभं आहे.

वसंतकाका_मेन

तुमच्या आजींची चूल मी मनापासून मानतो. त्या चुलींनी स्वयंपाकघरातला धूर बाहेर काढला, बायकांच्या डोळ्यांची आणि छातीची सोय पाहिली, हे थोडं काम नव्हे. पण दोन्हींत फरक आहे. चुलीचं तोंड उघडं असतं. लाकडाच्या धुराबरोबर भरपूर थंड हवा पाइपात जाते, त्यामुळे पाइप फार तापत नाही. भाकरी झाल्या की विस्तव विझतो. इथला स्टोव्ह घट्ट बंद दाराचा, हवा मोजून देणारा. तो दिवसचे दिवस आणि रात्रभर जळतो. पाइप कधी पाचशे अंश फॅरनहाइटवर जातो, तर कधी धूर इतका मंद होतो की डांबर धरतं. शिवाय तुमची भिंत दगडमातीची. शरयूची भिंत म्हणजे वाळलेल्या पाइनच्या काड्या, शंभर वर्षं सुकलेल्या.

आणि त्या सिमेंटच्या पाइपातही काजळी बसायचीच. ज्या घरांत पाइप झाडला नाही तिथे तो चोंदला आणि धूर पुन्हा घरात आला. कित्येक घरांनी म्हणूनच पाइप काढून टाकले. तुमच्या आजींच्या घरी कुणीतरी नेमाने झाडत असणार. विचारून बघा.

मातीचूल

विचारलं. चुलतकाका दिवाळीच्या आधी काठीला पोतं बांधून झाडायचे, असं आई म्हणते. मला हे माहीतच नव्हतं. वाशाचं मात्र बघायला सांगतो आता, चूल अजून वापरात आहे.

निनाद_ओस्लो

मी नॉर्वेत राहतो. इथे चिमणीची तपासणी आणि सफाई ही नगरपालिकेच्या अग्निशमन खात्याची जबाबदारी. चिमणीवाला तेच पाठवतात, आपण दरवर्षी ठरावीक शुल्क भरतो. नवा स्टोव्ह बसवला की पात्र माणसाकडून तपासून घेऊन नगरपालिकेला कळवावं लागतं. १९९८ पासून नवा स्टोव्ह स्वच्छ जळणाराच बसवायचा असा नियम आहे.

एक गोष्ट इथल्या चिमणीवाल्याकडून शिकलो, ती शरयूताईंना उपयोगी पडेल. आग वरून पेटवायची. जाड ओंडके खाली, त्यांवर बारीक फोडी, अगदी वर काड्या आणि पेटवण. ज्वाळा वर असते आणि खालच्या लाकडाचा धूर तिच्यातून जातो, त्यामुळे तो तिथेच जळतो. आपल्याकडे चूल खालून पेटवायची सवय, म्हणून सुरुवातीला हात अडखळतो. पण थंड चिमणीला ऊब लवकर मिळते आणि काच काळी होत नाही.

लाकडाचा ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, पण ओंडका ताजा फोडून आतल्या बाजूला टोचायचं. बाहेरून वाळलेलं ओक आत अजून चिंब असतं.

सीएफएम_जर्सी

मी घरांच्या वातानुकूलनाची कामं करतो. आपल्या लोकांच्या घरात एक गोष्ट हमखास असते, तिच्याबद्दल कुणी बोललं नाही. शरयूताई, तुमच्या स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट केवढा आहे? फोडणीचा वास नको म्हणून आपण ९००-१२०० सीएफएमचे (म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा ओढणारे) हूड बसवतो. दारं-खिडक्या बंद असताना तो पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो, तेवढी कुठून तरी आत यावीच लागते. सर्वांत सोपी वाट म्हणजे चिमणी. तुमच्यासारखी बाहेरची, थंड चिमणी असेल तर ती लगेच उलटी वाहू लागते, आणि स्टोव्हचा धूर, त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड, खोलीत येतो. सर्वांत धोक्याची वेळ स्टोव्ह विझत येतानाची. निखारे धगधगत असतात, धूर दिसत नाही, वास येत नाही, पण मोनॉक्साइड भरपूर असतो.

बहुतेक ठिकाणच्या बांधकाम नियमांत (कोडमध्ये) ४०० सीएफएमच्या वरच्या हूडला भरपाईची हवा आत घ्यायची सोय करावी लागते. ती नसेल तर स्टोव्ह पेटलेला असताना हूड मंद ठेवा आणि स्वयंपाकघरातली खिडकी बोटभर उघडी. शक्य असेल तर बाहेरून थेट हवा घेणारी नळी असलेला स्टोव्ह निवडा.

कार्बन मोनॉक्साइडचे भोंगे प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांच्या बाहेर. मॅसॅच्युसेट्समध्ये तर ते कायद्यानेच लागतात. २००५च्या जानेवारीत प्लिमथला बर्फाने घरातल्या हीटरचं धुराचं तोंड बुजलं आणि निकोल नावाची सात वर्षांची मुलगी गेली. तिच्याच नावाने तो कायदा ओळखला जातो. चिमणीची टोपी, बॉयलरचं तोंड, वादळानंतर सगळं बघायचं.

शरयू_ग्रीनफिल्ड

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारचं काम रद्द केलं. नवऱ्याने हा सगळा धागा वाचला आणि स्वतःच आरसा घेऊन तळघरात गेला.

फ्ल्यू दोन निघाले. बॉयलरचा वेगळा, बैठकीतल्या भोकाचा वेगळा. मग प्रमाणित चिमणीवाल्याला बोलावलं, त्याने कॅमेरा सोडला. आमच्या फ्ल्यूच्या मातीच्या तुकड्यांमधला चुना बऱ्याच ठिकाणी गळून गेला आहे, एक तुकडा उभा तडकलेला आहे. भोकाभोवतीचं प्लास्टर त्याने थोडं उकरून दाखवलं. पत्र्याच्या बाहीपासून खांब जेमतेम तीन इंचांवर आहे, आणि त्याची आतली कड तपकिरी पडली आहे. मी तिथे हात ठेवून बघितलं तेव्हा पोटात गोळा आला. आधीच्या कुणीतरी तिथे स्टोव्ह वापरला असणार.

जुना स्टोव्ह भंगारात द्यायचं ठरलं. नवा घेणार, बाहेरून हवा घेणारा. हूड आमचा ९०० सीएफएमचाच आहे, त्याचीही सोय करतोय.

आता अडलंय ते लायनरवर. चिमणीवाला म्हणतो, मातीची नळी सात इंच रुंद. ६ इंची लायनरवर अर्ध्या इंचाचं इन्सुलेशन गुंडाळलं की बरोबर सात होतात, म्हणजे ते उतरणार नाही. त्याने तीन पर्याय दिले. मातीच्या नळ्या फोडून काढायच्या आणि मोठी जागा करायची, किंवा लंबगोल लायनर घालायचं, किंवा इन्सुलेशन न घालता साधं ६ इंची सोडायचं. तिसरा सर्वांत स्वस्त आहे, आणि मोह होतोय. काका, काय करू?

वसंतकाका_मेन

तिसरा नाही. तुझ्या मातीच्या नळीचे सांधे उघडे आहेत, म्हणजे विटांपलीकडच्या लाकडापर्यंत उष्णता पोचायला वाट आहे. घराच्या लाकडापासून चिमणीला नियमाप्रमाणे मोकळी जागा सोडलेली असेल असं १९२०च्या बांधकामात धरून चालायचं नाही. ती जागा नसेल तर इन्सुलेशन गुंडाळलेलंच लायनर हवं, तरच त्याची मान्यता लागू होते. आणि तीन बाजू उघड्यावर असल्यामुळे इन्सुलेशनशिवाय ते जानेवारीत गार पडणार आणि डांबर धरणार. हा खर्च एकदाच होतो, तिथे काटकसर करू नकोस.

पहिल्या दोनांपैकी मी नळ्या फोडायच्या बाजूचा. माथ्यावरून फिरतं अवजार सोडून त्या फोडतात, तुकडे खालच्या दारातून काढतात. धूळ होते, पण आत गोल लायनर इन्सुलेशनसकट मोकळं बसतं, आणि पुढे ब्रश सरळ फिरतो. तुझ्या नळ्या तशाही तडकलेल्याच आहेत. एकच बघ. शेजारी बॉयलरचा फ्ल्यू आहे. दोघांच्या मध्ये विटांचा पूर्ण पडदा आहे का, हे फोडण्याआधी त्याच्याकडून कॅमेऱ्याने बघून घे. जुन्या चिमण्यांत कधीकधी दोन मातीच्या नळ्या नुसत्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात. तसं असेल तर फोडाफोडी करताना बॉयलरची नळीही तडकेल. मग लंबगोल लायनर घे. मात्र त्याचं क्षेत्रफळ ६ इंची गोलाएवढं भरतंय, इन्सुलेशनसकट ते ७ बाय ११ मध्ये बसतंय, आणि तुझ्या स्टोव्हच्या पुस्तिकेला ते मान्य आहे, या तिन्ही गोष्टी त्याच्याकडून लेखी घे.

लायनरच्या तळाशी टी जोड येईल. त्याची नळी भिंतीतून खोलीकडे येणार, आणि तिथेच तुझा काळा पाइप जोडला जाईल. पाइप टीच्या आतल्या कडेपर्यंत पोचला पाहिजे, पण लायनरच्या पोकळीत पुढे घुसता कामा नये, नाहीतर धुराची वाट अडते. टीच्या खाली झाकण ठेवायला सांग आणि ते तळघरातल्या दारातून हाताला लागेल असं बघ. माथ्यावर पत्र्याची बंद पट्टी आणि टोपी. चिमणी छपरातून जिथे बाहेर येते तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्यापेक्षा २ फूट वर आहे ना, तेही त्याच फेरीत मोजून घे.

तपकिरी पडलेला खांब कापून काढा. रंग बदललेलं लाकूड ठेवू नका, त्यावर नुसता पत्रा मारून भागणार नाही. नवा खांब बाजूला सरकवून, वर आडवी तुळई देऊन, त्या चौकटीत इन्सुलेटेड संच बसवा.

वापर सुरू झाल्यावर पाइपवर चुंबकाने चिकटणारा तापमापक लाव. पहिल्या हिवाळ्यात मध्येच एकदा, जानेवारीच्या सुमारास, आत बघून घे. थर पाव इंचाच्या निम्मा, म्हणजे अष्टमांश इंच झाला की झाडायची वेळ झाली. आणि कधी चिमणीत धडधड ऐकू आलीच, तर स्टोव्हचं दार आणि हवा बंद करायची, सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि ९११ला फोन. पाणी ओतायचं नाही.

शरयू_ग्रीनफिल्ड

मध्ये विटांचा पडदा आहे, पूर्ण. कॅमेऱ्यात दिसला. मग नळ्या फोडायचंच ठरवलं. काका, भिंतीचं काम झाल्यावर प्लास्टर लगेच करून घेऊ का? सासूबाई नोव्हेंबरात येतायत, खोली तोवर नीट दिसावी असं वाटतं.

वसंतकाका_मेन

लगेच नको. चौकट, संच आणि त्याच्याभोवतीची मोकळी जागा इन्स्पेक्टरला उघडी दिसली पाहिजे. प्लास्टर केलंत तर तो ते पुन्हा फोडायला लावेल. त्याला आत्ताच फोन करून दोन वेळा यायला सांग, एकदा भिंत उघडी असताना आणि एकदा स्टोव्ह जोडल्यावर. उघड्या भिंतीचे टेप लावून फोटो काढ, चिमणीवाल्याच्या अहवालाबरोबर ठेव, आणि विमा कंपनीलाही स्टोव्ह लावल्याचं लेखी कळव. नोव्हेंबरपर्यंत पुरेसा वेळ आहे, पण चिमणीवाल्याची तारीख याच आठवड्यात पक्की कर. सप्टेंबर उजाडला की ते कुणाला मिळत नाहीत.